काढा रोज प्यायचा का? गरम पेयांचं माप, पद्धत आणि खान्देशची हवा

डिसेंबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, एक खुलासा केला. ज्या पेयात चहाच्या झाडाची पानं नाहीत, त्याच्या पाकिटावर 'चहा' असं लिहायचं नाही. हर्बल टी, फ्लॉवर टी अशी नावं लावून विकली जाणारी कितीतरी पाकिटं या एका वाक्यात अडकली. बातमी आली ती ऐन हिवाळ्यात. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरणं नेहमीचंच. घराघरांत सुंठ, तुळस, मिरी उकळत असते आणि कोणी शिंकलं की घरातलं मोठं माणूस म्हणतंच, "काढा पी ले, बरं वाटी."

त्या बातमीनंतर ओळखीतल्या अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला: मग पाकिटात असतं ते आहे तरी काय? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: रोज प्यायलं तर चालतं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ते वनस्पतींचं पाणी आहे. दुसरं उत्तर मात्र त्या पाण्यात किती वनस्पती, किती वेळ आणि कशी उतरली, यावर ठरतं. आपल्याकडे सगळी चर्चा 'काय घालायचं' यावर होते. 'किती' आणि 'कसं' हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की, रोजचं पेय आणि औषध यांतली रेघ नेमकी तिथेच आहे.

तीन शब्द, एकदाच समजून घेऊ

वनस्पतीतलं औषधी सत्त्व काढायच्या पाच मूळ पद्धती आयुर्वेदाने सांगितल्या आहेत. रस काढणं आणि चटणीसारखं वाटणं या दोन पद्धती इथे बाजूला ठेवू. उरलेल्या तीन पाण्याच्या.

क्वाथ म्हणजे आपला काढा: वनस्पती पाण्यात उकळून पाणी आटवायचं. फांट म्हणजे उकळतं पाणी वनस्पतीवर ओतून, झाकून, थोड्या वेळाने गाळायचं. हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळायचं. यात आच लागतच नाही.

शारंगधर संहितेत तिन्हींची मापं दिली आहेत. काढ्याला एक भाग औषधाला सोळा भाग पाणी, फांटाला चार भाग, हिमाला सहा भाग. ही मापं औषधाची आहेत, पाहुण्याला द्यायच्या कपाची नाहीत. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

कशाला उकळायचं आणि कशाला नाही

पश्चिम खान्देशात, सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या उतारांवर, रोशा नावाचं गवत उगवतं. एकोणिसाव्या शतकात इथे त्याच्या तेलाच्या भट्ट्या होत्या आणि खान्देशचं रोशा तेल दूरवर जायचं. भट्टीचं काम साधं: गवत पाण्यासह तापवायचं, निघालेली वाफ नळीतून नेऊन थंड करायची, पाण्यावर तेल तरंगतं. सुगंध वाफेबरोबर उडतो म्हणून तर ते तेल हाती यायचं.

आपल्या परसातला गवती चहा या रोशाचा सख्खा भाऊबंद. दोघांचा वनस्पतिशास्त्रातला वंश (जीनस) एकच, सिम्बोपोगॉन. आता भांड्यावर झाकण न ठेवता गवती चहाची पात पंधरा मिनिटं खळखळ उकळली की काय होईल? तीच भट्टी, फक्त नळी नाही. तेल वाफेबरोबर छताला जातं आणि कपात उरतं ते गवताचं हिरवट, तुरट पाणी. स्वयंपाकघरात घमघमाट सुटला म्हणून आपण खूश होतो, पण तो घमघमाट कपातून निघून गेलेला असतो.

तुळस, पुदिना, ओवा, बडीशेप, वेलची हे सगळे याच तऱ्हेचे. त्यांचं काम करणारे घटक उडून जाणारे आहेत. ओव्यातलं थायमॉल तर नाकालाच कळतं. यांचा फांट करायचा. गवती चहाच्या दोन-तीन पाती कात्रीने बोटभर तुकड्यांत कापा, भांड्यात ठेवा, वरून उकळतं पाणी ओता आणि लगेच झाकण. पाच ते सात मिनिटं थांबा. झाकण उचलाल तेव्हा आतल्या बाजूला जमलेले थेंब परत भांड्यातच झटका, कारण सुगंधाचा अंश त्यांतही असतो. पाणी फिकट पिवळसर दिसेल. रंग गडद नाही म्हणून कमी प्रतीचं समजू नका.

याउलट गुळवेलीचं खोड, ज्येष्ठमधाची मुळी, अश्वगंधा, अर्जुनसाल हे टणक माल. पाच मिनिटांच्या गरम पाण्याला ते दाद देत नाहीत. त्यांना काढाच हवा. काढ्याचं भांडं उघडं ठेवून मंद आचेवर आटवावं असा जुना संकेत आहे आणि तो बरोबर आहे, कारण तिथे पाणी कमी करणं हेच काम असतं.

सुंठ मधली. ठेचून, झाकून, मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवली तरी पुरते. ओल्या आल्यातलं जिंजरॉल वाळताना काही प्रमाणात शोगॉल नावाच्या जास्त जहाल घटकात बदलतं. म्हणून सुंठ आल्यापेक्षा बोचरी लागते आणि कमी पुरते.

घरोघरी तुळस, सुंठ, ज्येष्ठमध, मिरी, लवंग असं सगळं एकाच वेळी पातेल्यात पडतं. ते करायचंच असेल तर टणक गोष्टी आधी उकळा, गॅस बंद करा, मग तुळस टाकून झाका. एवढा एक बदल केला तरी चव लगेच वेगळी लागेल.

काढा वेगळा, रोजचं पेय वेगळं

आता मापाकडे. शास्त्रातला काढा करायचा तर १० ग्रॅम औषधाला १६० मिली पाणी. ते आटवून अष्टमांश, म्हणजे २० मिली उरवायचं. व्यवहारात बरेच वैद्य चतुर्थांश, म्हणजे ४० मिली ठेवतात. चार मोठे घोट, आणि त्यांत १० ग्रॅम वनस्पतीचं सत्त्व.

याच्या शेजारी कोविडकाळातला 'आयुष क्वाथ' ठेवून बघा. आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये त्याचं सूत्र दिलं: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १. त्याची ३ ग्रॅम पूड १५० मिली उकळलेल्या पाण्यात, चहासारखी, दिवसातून एकदा-दोनदा. म्हणजे एका भागाला पन्नास भाग पाणी, आणि आटवणं नाहीच. नावात क्वाथ असला तरी तो शास्त्रातल्या काढ्यापेक्षा पंचवीसपट पातळ आहे. सगळ्या देशाला एकच गोष्ट सांगायची तर ती सौम्यच असायला हवी, म्हणून हे माप शहाणपणाचं होतं.

घरात प्रत्यक्षात काय झालं ते आपण पाहिलं. मूठभर मिरी-लवंग-दालचिनी, पाणी निम्मं होईस्तोवर आटवलेलं, आणि दिवसातून तीनदा. महिनोन्‌महिने. त्या काळात कितीतरी जणांनी छातीत जळजळ, तोंड येणं, शौचाला आग अशा तक्रारी केल्या. दोष तुळशीचा नव्हता, मापाचा होता.

आपल्या भागात हे समजावायला केळीचं शेत पुरे. विद्राव्य खत ठिबकमधून थोडं थोडं दिलं तर झाड ते घेतं. पंधरा दिवसांचं खत एकदम बुडाशी ओतलं तर मुळं जळतात. खत तेच, झाड तेच.

तेव्हा रोजच्यासाठी माझं घरगुती माप असं: एका कपाला, म्हणजे १५० मिलीला, वाळलेला माल एक सपाट छोटा चमचा, सगळं मिळून. प्रत्येकी एक चमचा नव्हे. ओली पानं असतील तर चिमूटभर जास्त. दिवसाला एक-दोन कप. याहून दाट हवं असेल तर ते औषध झालं, आणि औषधाला वैद्य, आजार आणि मुदत तिन्ही लागतात.

एवढं पिऊन होतं तरी काय?

गरम पेयाचा पहिला फायदा उष्णतेचाच आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात २००८ मध्ये सर्दी झालेल्या लोकांना फळांच्या रसाचं एकच पेय गरम आणि साध्या तापमानाचं देऊन पाहिलं. गरम पेयाने वाहतं नाक, खोकला, शिंका, घसादुखी, थकवा यांत आराम वाटला. नाकातून जाणारी हवा मोजली तेव्हा मात्र तिच्यात फरक नव्हता. म्हणजे आराम खरा, आजार बरा होणं वेगळं.

मग वनस्पतींचं काय? आल्याचा पुरावा त्यातल्या त्यात चांगला आहे, विशेषतः मळमळीसाठी. गरोदरपणातल्या मळमळीवर दिवसाला सुमारे १ ग्रॅम सुंठ देऊन केलेल्या प्रयोगांत उपयोग दिसला आहे; डॉक्टरांना विचारून घ्यावी एवढंच. जेवणानंतर ओवा किंवा बडीशेप घेऊन पोट हलकं वाटतं, हा अनुभव इतका जुना आणि सार्वत्रिक आहे की तो मी बाजूला सारणार नाही. मसालेदार शेवभाजी आणि तेल सुटलेलं भरीत खाणाऱ्या आपल्या भागात तर नाहीच.

हळदीच्या दुधाचा मुद्दा जरा खोलात बघू, कारण त्याबद्दल सर्वांत जास्त बोललं जातं. हळदीत कर्क्युमिन हा गुणकारी मानला जाणारा घटक साधारण ३ टक्के. अर्धा चमचा हळद म्हणजे दीड ग्रॅम धरली तर कर्क्युमिन झालं ४५ मिलिग्रॅम. ते पाण्यात नीट विरघळत नाही, आतड्यातून रक्तात फारसं पोचत नाही. बंगळुरूमध्ये झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कर्क्युमिनसोबत मिरीतलं पायपरिन दिलं, तेव्हा रक्तातलं प्रमाण वीसपट वाढलं. 'हळदीत मिरी घाला' हा सल्ला तिथून आला. पण त्या प्रयोगात कर्क्युमिन होतं २००० मिलिग्रॅम. आपल्या कपात त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकंही नसतं. म्हणून हळदीचं दूध प्या, झोपायच्या आधी गरम दुधाने बरं वाटतं, घसा शेकतो. त्याने सांधेदुखी जाईल किंवा कर्करोग टळेल, असं कोणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका.

'इम्युनिटी वाढते' हा शब्दप्रयोग मला खटकतो. रोगप्रतिकारशक्ती ही रेडिओच्या आवाजासारखी बटण फिरवून मोठी करायची गोष्ट असती, तर तिच्या अतिरेकानेच होणारे संधिवातासारखे आजार झाले नसते.

"नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?"

वनस्पतीत गुण आहे असं मानलं, तर तो शरीरात काहीतरी बदल करतो हेही मानावं लागतं. आणि बदल प्रत्येकाला सोसेलच असं नाही.

ज्येष्ठमध घ्या. घशाला गोड, मुलांनाही आवडणारा. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं. रक्तदाब चढतो, पायांवर सूज येऊ शकते. युरोपातल्या तज्ज्ञांनी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनची मर्यादा सुचवली आहे आणि ५ ग्रॅम मुळीत तेवढं सहज असू शकतं. खोकल्याला चार दिवस घेतला तर ठीक. बीपीची गोळी चालू असणाऱ्या माणसाने रोजच्या चहात ज्येष्ठमध टाकणं धोक्याचं.

गुळवेल आपल्या बांधावरच्या कडुलिंबावर चढलेली असते, फुकट मिळते, म्हणून ती सर्वांत जास्त प्यायली जाते. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं. दिसायला सारखी असणारी दुसरी जात वापरली गेली असेल, अशी शंका मांडली. त्यानंतर २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांतून आणखी रुग्णांची नोंद आली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या शरीरात स्वतःच्याच पेशींवर हल्ला करणाऱ्या आजाराच्या खुणा होत्या. वाद मिटलेला नाही. तरी व्यवहाराची गोष्ट स्पष्ट आहे: थायरॉइडचा, संधिवाताचा, सोरायसिसचा त्रास असेल किंवा यकृताचा जुना आजार असेल, तर गुळवेल आपल्या मनाने रोज घेऊ नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर काढा त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठावा आणि आपण काय पीत होतो ते न लाजता सांगावं.

दालचिनीत दोन जाती बाजारात येतात. किराणा दुकानातली जाड, एकाच पदराची, कडक गुंडाळी बहुधा कॅशिया. तिच्यात कुमारिन नावाचा घटक बराच असतो आणि तो सतत जास्त गेला तर काही जणांच्या यकृताला त्रास देतो. खरी सिलोनी दालचिनी कागदासारख्या पातळ सालींचे अनेक पदर एकात एक गुंडाळलेली असते, बोटाने सहज मोडते, आणि महाग असते. भाजीच्या मसाल्यात कॅशियाने काही बिघडत नाही. रोज चमचाभर दालचिनी पूड गरम पाण्यात घेणाऱ्यांनी मात्र तुकडा उजेडात धरून पाहावा.

मिरीतलं पायपरिन जसं कर्क्युमिनला रक्तात ढकलतं, तसंच फिट्सवरच्या फेनिटॉइन, रक्तदाबावरच्या प्रोप्रॅनोलॉल अशा औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आलं-हळदीचे दाट काढे टाळा. मधुमेहाच्या गोळीवर गुळवेल किंवा मेथीचा काढा घेतला तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. स्वयंपाकातल्या चिमटीबद्दल हे नाही.

आणि 'वजन घटवणारा', 'पोट साफ करणारा' असं लिहिलेलं पाकीट दिसलं तर आधी सोनामुखी आहे का बघा. ती रेचक आहे. वजन उतरतं ते पाण्याचं. काही आठवडे सतत घेतली तर आतड्याला तिचीच सवय लागते.

"आमची आजी तर आयुष्यभर प्यायची"

प्यायची, हे खरं आहे. पण नीट आठवून बघा: रोज, बारा महिने, तोच काढा प्यायची का? थंडीत सुंठ, पावसाळ्यात गवती चहा, बाळंतिणीला ओवा आणि बाळंतशेपा, उन्हाळ्यात धण्याचं पाणी. खोकला थांबला की काढा थांबायचा. शिवाय तिला बीपी, शुगर, थायरॉइड अशा तीन गोळ्या रोज चालू नसायच्या. आजीचा दाखला द्यायचा तर तिचं ऋतुमान आणि तिची मुदत यांसकट द्यावा.

खान्देशच्या उन्हाळ्यात काय?

ऋतुचर्येत हेमंत-शिशिरात गरम, स्निग्ध घ्यावं आणि ग्रीष्मात तिखट, आंबट, खारट कमी करून थंड, गोड, पातळ घ्यावं असं सांगितलं आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा सुंठ-मिरीचा काढा 'रोजचा नियम' म्हणून पिणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन की तो नियम आयुर्वेदाचा नाही.

तिथे हिम कामाला येतो. दोन चमचे धणे जाडसर कुटा, पेलाभर पाण्यात मातीच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवा, सकाळी गाळून थोडी खडीसाखर घाला. शारंगधराने धण्याचा हिम साखर घालून सकाळी प्यायला सांगितला आहे, तो आतली आग आणि तहान यांसाठी. शेतावर जाणाऱ्याने एवढ्यावर भागवू नये. घामातून मीठ जातं, ते पन्ह्यातून किंवा ताकातून परत यायला हवं.

"पण भर उन्हातही गरम चहाने बरं वाटतं" असं म्हणणारे चुकीचं बोलत नाहीत. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात २०१२ मध्ये सायकल चालवणाऱ्यांना ५० अंशांचं पाणी पाजून पाहिलं. घाम वाढला आणि तो पूर्ण वाळला, म्हणून शरीरात साठलेली उष्णता कमी भरली. अट एकच, घाम वाळला पाहिजे. आपली मेमधली कोरडी हवा ही अट पुरी करते. जुलैतली दमट हवा करत नाही. पण घाम वाढला म्हणजे पाणीही जास्त लागणार.

गोडी, दूध आणि चटका

मध उकळत्या पेयात घालू नका. तापवलेला मध अपायकारक असं चरकसंहिता सांगते, आणि तापवल्याने त्याचा सुगंध जातो, घटक बदलतात हे आजही मोजता येतं. कप हाताला कोमट लागला की घाला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, चाटवायलाही नको. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गूळ साखरेपेक्षा चविष्ट, पण मधुमेहींसाठी तोही साखरच.

दुधाच्या चहात आलं, गवती चहा टाकला तर तो चवीचा चहाच राहतो. आवडीने प्या, फक्त त्याला औषध समजून कप वाढवू नका. रक्त कमी असलेल्या बायकांनी जेवणाला लागून चहा घेऊ नये, त्यातल्या टॅनिनमुळे भाजी-भाकरीतलं लोह कमी शोषलं जातं. पुदिन्यासारख्या वनस्पतींच्या पाण्यातही हा गुण आहे. तासाभराचं अंतर ठेवा.

आणि चटका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात असं वर्गीकरण केलं. पेय कुठलं हा प्रश्न नाही, तापमानाचा आहे. बशीत ओतून फुंकर घालून पिण्याची आपली रीत इथे फार कामाची. ओठाला चटका बसत असेल तर दोन-चार मिनिटं थांबा.

पाकीट घ्यायचं असेल तर

घटकांची यादी वाचा आणि प्रत्येक घटकाचं प्रमाण दिलंय का ते बघा. नुसतं 'पंधरा वनौषधींचं मिश्रण' लिहिलं असेल तर ठेवून द्या. एफएसएसएआयचा क्रमांक असेल तर ते अन्न म्हणून विकलं जातंय, त्याने आजार बरा करण्याचा दावा करायचा नसतो. आयुर्वेदिक औषध म्हणून विकलं जात असेल तर त्यावर औषध परवान्याचा क्रमांक आणि मात्रा हवी. सुट्टा माल काष्ठौषधीच्या दुकानातून घ्याल तेव्हा पूड न घेता अख्खी वस्तू घ्या: सुंठीचा खडा, मिरीचा दाणा, ज्येष्ठमधाची कांडी. अख्ख्यात भेसळ सहजासहजी लपत नाही, आणि घरी खलबत्त्यात ताजं कुटलं की वासावरूनच माल जुना आहे की नवा ते कळतं.